वेळापत्रकप्रमुखांस अनावृत पत्र

रत्नागिरी

मा. वेळापत्रकप्रमुख महोदय यांच्या सेवेशी,



पत्रास कारण की, मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी आपण लावलेलं वेळापत्रक मी परवा डोळे भरून पाहिलं. काय अक्षर, काय रंगसंगती! गणित निळ्या शाईत, विज्ञान हिरव्या, आणि सोमवार-गुरुवारच्या पाचव्या चौकोनात लाल शाईत ‘शा. शि.’ मुलांच्या भाषेत पी.टी. इतक्या शोभिवंत जागी तो तास मांडून ठेवल्याबद्दल एक पालक म्हणून मी आपली ऋणी आहे. भिंतीवरून तो कधी खाली उतरत नाही, हा आपल्या शिस्तीचाच महिमा.

माझी मुलगी आठवी ‘ब’मध्ये आहे. सोमवारी आणि गुरुवारी ती पांढरे कॅनव्हासचे बूट घालून शाळेत येते, कारण तसा आपला नियम आहे. सकाळी ते बूट जितके पांढरे जातात तितकेच पांढरे संध्याकाळी परत येतात. रत्नागिरीच्या तांबड्या मातीत हे साधणं सोपं नाही. इथे अंगणातून फाटकापर्यंत गेलं तरी पावलं लाल होतात. आपल्या कृपेने आमचा साबण वाचतो, ब्रश वाचतो, बुटांचे तळ वाचतात. मुलगी तेवढी त्यात बसून असते.

तो तास जातो कुठे, हे मी तिलाच विचारलं. तिने सगळं क्रमवार सांगितलं. जून-जुलैत पाऊस होता. ऑगस्टमध्ये घटक चाचणीचा पोर्शन राहिला होता. गणपतीच्या सुट्टीनंतर सहामाही आली. दिवाळीनंतर एन.एम.एम.एस. परीक्षेचा सराव, त्याच्या मागोमाग शिष्यवृत्ती, त्याच्या मागोमाग वार्षिक. प्रत्येक वेळी पाचव्या तासाला दारात गणिताचे सर उभे. मुलं उठून उभी राहतात, ‘नमस्ते सर’ म्हणतात आणि पुन्हा बसतात. आठवड्याभरातला त्यांचा शाळेतला व्यायाम तेवढा होतो. तोही आपण होऊ देता, हे उपकार विसरण्यासारखे नाहीत.

आपण स्वतः गणिताचे, म्हणून एक छोटं गणित घालते. राग मानू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असं त्यात म्हटलं आहे. मध्यम म्हणजे श्वास वाढतो पण बोलता येतं. जोरकस म्हणजे बोलता बोलता धाप लागते. शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस हाडांना आणि स्नायूंना बळ देणारं काहीतरी हवं, आणि बसून राहण्याचा वेळ, विशेषतः करमणुकीसाठी पडद्यापुढे जाणारा वेळ, कमी हवा. दिवसाला ६०, तर आठवड्याला ४२० मिनिटं. आपल्या वेळापत्रकात पस्तीस मिनिटांचे दोन तास, म्हणजे ७०. बरोब्बर सहावा हिस्सा. बाकीचे पाच हिस्से घर, अंगण आणि वाट यांच्याकडून यायचे, आणि एकच शाळेने द्यायचा. तो एकही आपण गणिताला देऊन टाकलात. आपल्या दातृत्वापुढे कर्णाने लाजावं. फक्त त्याने स्वतःची कवचकुंडलं दिली होती, आपण दुसऱ्यांच्या लेकरांची देता.

घर, अंगण आणि वाट यांचं काय झालं, तेही आपल्याला ठाऊक आहे. आपल्या वर्गातली निम्मी मुलं आजूबाजूच्या गावांतून येतात. त्यांच्या आयांनी गडगे ओलांडत, पाणंदीने, चढ-उतार करत शाळा गाठली. सड्यावर क्रिकेट झालं, आंब्यावर चढणं झालं, लगोरी, आट्यापाट्या, विटीदांडू झाले. आरोग्य संघटनेने जिनिव्हात लिहिलेल्या सूचनांमधलं काहीच त्यांना नवीन नव्हतं. हाडं बळकट करायला उड्या मारा, शरीराचा भार पायांवर पेला, असं सांगतात. लंगडीत दुसरं काय असतं? गौरी-गणपतीत जाखडीचा फेर धरणारी आणि शिमग्यात पालखीमागे या वाडीतून त्या वाडीत धावणारी मुलं घड्याळ न बघता जोरकस हालचालीचा कोटा पुरा करत होती. फुगडी ज्यांनी घातली आहे त्यांना धाप म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

आता व्हॅन दारातून उचलते आणि फाटकात सोडते. राज्यातल्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. म्हणजे नियम करणाऱ्यांनीसुद्धा मूल चालत शाळेत जाईल असंच धरलं होतं. पण वाडीतल्या शाळांचा पट घसरत गेला, आणि ज्यांना परवडलं त्यांनी शहराची शाळा धरली. आमच्या मुलीचा दिवस सांगते. सकाळी सातला गणिताचा क्लास. अकरा ते पाच आपली शाळा. साडेपाचला विज्ञानाचा क्लास. ती घरी येते तेव्हा तुळशीपाशी दिवा लागलेला असतो. जेवण होतं, गृहपाठ होतो, आणि मग थोडा वेळ मोबाइल, कारण त्या वेळी करण्यासारखं दुसरं काही शिल्लक राहिलेलं नसतं. सूर्य डोक्यावर असताना ती उघड्यावर असू शकेल अशी आठवड्यातली एकमेव खात्रीची जागा म्हणजे आपला तो पाचवा चौकोन.

या उजेडाचा हिशेब जरा सविस्तर मांडू द्या, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा निवडून एक प्रयोग झाला. सहा शाळांमधल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर, उघड्यावर दिला. बाकीच्या सहा शाळा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांनी डोळे तपासले. नेहमीच्या शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना नव्याने लांबचं धूसर दिसू लागलं होतं, उघड्यावर जाणाऱ्या शाळांमध्ये ३०.४ टक्के मुलांना. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तैवानने तर २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याची मोहीमच शाळांमधून चालवली. या प्रयोगांत महागडी साधनं नव्हती. मुलांना दाराबाहेर नेलं, एवढंच. आठवी ‘ब’चा वर्गफोटो आपल्या टेबलावर असेल. त्यात चमकणाऱ्या काचा जरा मोजून बघा. फळा दिसत नाही म्हणून पुढच्या बाकासाठी भांडणारी ही मुलं त्या फळ्यावरचं गणित जास्त वेळ बघत बसावीत म्हणून आपण त्यांना आत ठेवता.

निकालासाठी आपण हे सगळं करता, हे मी जाणते, आणि त्याबद्दलही आभार मानते. आपल्याला कोकण बोर्डाचा अभिमान आहे, मलाही आहे. मंडळाचं कार्यालय आपल्या रत्नागिरीत, आणि दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं नाव कोकणचं. २०२४ साली ९९.०१ टक्के, २०२५ साली ९८.८२ टक्के. आता आपणच सांगा, शंभराला किती उरले? एक, फार तर सव्वा. त्या सव्वा टक्क्यासाठी आपण शंभर टक्के मुलांचा खेळाचा तास घेता. गणिताच्या पेपरात एखाद्या मुलाने असं उत्तर काढलं असतं तर आपण लाल शाईने काय लिहिलं असतं?

आणि तास घेतल्याने मार्क वाढतात हे तरी कुठे दिसलं? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हियेर इथे १९७० च्या दशकात एक दीर्घ प्रयोग झाला. प्राथमिक शाळेतल्या साडेपाचशेच्या आसपास मुलांवर तो कित्येक वर्षं चालला. काही वर्गांना रोज एक जादा तास शारीरिक शिक्षणाचा दिला, आणि तो काढला कुठून, तर इतर विषयांच्या तासांमधून. त्यांच्या शिकवण्याचा वेळ सुमारे १३-१४ टक्क्यांनी घटला. आपल्यासारख्या निष्ठावंताला हे वाचून घाम फुटेल. प्रत्यक्षात ती मुलं मागे पडली नाहीत. पहिलं वर्ष सरल्यावर उलट त्यांचेच मार्क सरस येऊ लागले. पुढे २०१० साली अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने अशा पन्नास अभ्यासांचा आढावा घेतला. हालचालीचा अभ्यासाशी संबंध निम्म्याहून किंचित अधिक ठिकाणी चांगला निघाला, उरलेल्यांपैकी बहुतेक ठिकाणी फरक पडला नाही, आणि नुकसान झाल्याचं जवळजवळ कुठेच दिसलं नाही. म्हणजे आपण आमच्या मुलांकडून जे घेता, त्याच्या बदल्यात त्यांना काहीही मिळत नाही. गणितही नाही.

आपण इतिहासही आवडीने शिकवता, असं ऐकते. दरवर्षी टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मस्थानाला आपण मुलांना नेता, जयंतीला भाषणं करवता. त्या भाषणांत शेंगांच्या टरफलांची गोष्ट असते. डेक्कन कॉलेजात गेल्यावर आपली प्रकृती किरकोळ आहे हे ओळखून या गृहस्थांनी पहिलं वर्ष पोहणं, कुस्ती आणि तालीम यांत घालवलं आणि परीक्षेचं ते वर्ष जाऊ दिलं, ही गोष्ट मात्र कुठल्याच भाषणात मी ऐकली नाही. आपल्या हाती ते विद्यार्थी म्हणून लागले असते तर आपण त्यांना मैदानावरून कान धरून वर्गात आणलं असतं. नंतर त्यांनी गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. केलं. गणित घेऊन, महोदय.

आपल्या दूरदृष्टीचा आणखी एक नमुना म्हणजे श्रेणी. आरोग्य व शारीरिक शिक्षण या विषयाला गुणपत्रकावर श्रेणी असते. गेल्या वर्षी माझ्या मुलीला ‘अ’ मिळाली. मैदानावर पाऊल न ठेवता. वर्गातल्या दम्याच्या मुलालाही ‘अ’, दिवसभर पळू शकेल अशा मुलालाही ‘अ’. न शिकवलेल्या विषयात सगळा वर्ग उत्तम श्रेणीत पास करून दाखवणं हे विज्ञानाच्या बाईंना अजून जमलेलं नाही. ती श्रेणी पाहून माझ्या मुलीने विचारलं, ‘आई, हे खोटं नाही का?’ मी तिला हो म्हटलं. शाळेतून मुलं काय शिकतात याची यादी आपण कधी केलीत तर हेही त्यात लिहा.

पी.टी.च्या सरांविषयी आपला जिव्हाळा तर सर्वांना ठाऊक आहे. शाळेत त्यांच्याइतकं हवंहवंसं वाटणारं दुसरं माणूस नाही. फाटकावर उशिरा येणाऱ्यांना ते धरतात, झेंडावंदनाची संचलनं बसवतात, स्नेहसंमेलनाचा मांडव उभा करतात, निवडणुकीचं काम आलं की पहिलं त्यांचं नाव जातं. एकदा त्यांच्या गळ्यात शिट्टी पाहिली, ती रहदारी आवरण्यासाठी होती. निदान आपल्या शाळेला असे सर आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं आहे. सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकही आहे, पण पट शंभराच्या वर असेल तर. आपल्या जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवरच्या शाळांनी शंभरचा पट आणायचा कुठून? तिथे एकच गुरुजी दोन-दोन वर्ग सांभाळून मधल्या सुट्टीत मुलांबरोबर कबड्डीच्या रेघा ओढताना मी पाहिले आहेत. आपल्याकडे मैदान आहे, शिक्षक आहे, साहित्याचं कपाट आहे, आणि कपाटाला कुलूप आहे.

मैदानाचं म्हणाल तर तेही आपण फार जपून वापरता. शिक्षकांच्या गाड्यांना तिथे सावली मिळते. डिसेंबरात मांडवाचे खांब रोवले जातात, ते जानेवारीपर्यंत राहतात. सुट्टीत समारंभांना ते भाड्याने जातं. मुलांनी त्यावर धावलं तर धूळ उडते आणि कार्यालयात येते, म्हणून मधल्या सुट्टीतही मुलांनी व्हरांड्यातच थांबावं असं आपलं सूचनापत्र आहे. ते मी जपून ठेवलं आहे.

पावसाचं कारण मी मनापासून मानते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मैदानात चिखल होतो, मुलं घसरतात, हे खरंच. पण आपल्याकडे हॉल आहे. २१ जूनला योग दिनाचा फोटो त्याच हॉलमध्ये काढला ना? सतरंज्या अंथरल्या, सगळ्यांनी हात वर केले, पाहुणे आले. त्या दिवशी पाऊस नव्हता का? दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, झिम्मा, फुगडी यांना आभाळ कोरडं लागत नाही. श्रावणात मंगळागौर जागवणाऱ्या बायका घरातल्या ओटीवर रात्रभर खेळत आल्या आहेत. इच्छा असेल तर पस्तीस मिनिटांसाठी बाकं भिंतीला लागतात.

मुलींच्या बाबतीत आपली काळजी विशेष. पी.टी.चा तास चुकून झालाच तर आठवीपासून मुलींनी त्या वेळी वर्गात बसून गृहपाठ करावा, ही सोय आपणच केलीत. त्यांना ऊन लागू नये, पाळीच्या दिवसांत अवघडल्यासारखं होऊ नये, मुलांच्या नजरा पडू नयेत, किती गोष्टींचा विचार! आता जगाचे आकडे पाहा. २०१६ सालच्या माहितीवरून १४६ देशांचा अभ्यास झाला. ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं दिवसाला ६० मिनिटांपर्यंत पोहोचत नव्हती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. भारतात हे प्रमाण चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या जवळपास होतं, म्हणजे जगापेक्षा थोडं बरं. त्याचं जे संभाव्य कारण अभ्यासकांनी सांगितलं ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. मुलग्यांच्या बाबतीत क्रिकेट. मुलींच्या बाबतीत घरकाम. म्हणजे आमच्या मुलींची हालचाल होते ती केर काढताना, कपडे वाळत घालताना, एप्रिल-मेमध्ये पाणी भरताना. खेळताना नव्हे. आणि जिथे एखादी मुलगी केवळ गंमत म्हणून पळू शकली असती, त्या पस्तीस मिनिटांत आपण तिला वही देऊन बसवता. पाळीच्या दिवसांत ज्या मुलीला बसायचं असेल तिने बसावं, तो तिचा प्रश्न आहे. बाकीच्यांनी, आणि बाकीच्या दिवसांत, का बसावं?

हाच तो जिल्हा आहे जिथल्या ऐश्वर्या सावंत आणि अपेक्षा सुतार खो-खो खेळत महाराष्ट्राच्या संघात पोहोचल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने अभिनंदन लिहिलं होतं. फार सुंदर लिहिलं होतं. ते वाचायला आठवी ‘ब’च्या मुली खिडकीतून वाकून बघत होत्या. तासाला गणित चालू होतं.

आपण लगेच म्हणाल, की आपल्या शाळेचाही खो-खोचा संघ आहे, बारा-पंधरा मुली सकाळी सरावाला येतात, तालुक्याला जातात. खरं आहे, आणि त्या मुलींचं मला फार कौतुक वाटतं. माझं गाऱ्हाणं उरलेल्यांसाठी आहे. जी कधीच पहिली येणार नाही, जिला चेंडू झेलता येत नाही, जिचं वजन जास्त आहे म्हणून संघ निवडताना जिचं नाव शेवटी घेतात, त्या मुलीसाठी ही ६० मिनिटं लिहिलेली आहेत. संघातल्या मुली कसंही करून खेळतीलच. ही मुलगी शाळेत खेळली नाही तर कुठेच खेळणार नाही. क्रीडादिनाला ती मांडवात बसून दिवसभर टाळ्या वाजवते. तिच्या टाळ्यांवर आपले क्रीडादिन साजरे होतात.

शिक्षेचा आपला शोध तर निराळाच. गृहपाठ अपुरा असेल तर खेळाचा तास बंद. वर्गात चुळबुळ केली तर खेळाचा तास बंद. जो मुलगा बसून बसून चुळबुळतो आहे त्याला आणखी बसवून ठेवणं, हे औषध आपण कुठून काढलंत? शिशुवर्गातही तीच रीत पोहोचली आहे: हाताची घडी, तोंडावर बोट. त्या तीन-चार वर्षांच्या पोरांना दिवसभरात १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातला तासभर चांगली दमवणारी, असं आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलं आहे. चुळबुळ ही त्यांची मागणी आहे. ती तरी ऐका.

गेल्या पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा आपण हसून म्हणालात, ‘पालकांनाच मार्क हवे असतात, बाई.’ हवे असतात. मलाही हवे आहेत. पण कुठल्याही पालकाला कधी दोन कागद पुढे ठेवून विचारलंत का, की हे मार्क आणि ही हाडं, यांतलं काय घेता? प्रौढ माणसाच्या हाडांचा सुमारे ९० टक्के भाग विशीच्या आत घडून जातो. नंतर उरतं ते जपणं. आठवी-नववीची वर्षं ही त्या बांधकामाची मुख्य वर्षं आहेत आणि ती पुन्हा येत नाहीत. नापासाला फेरपरीक्षेची बारी नाही त्यात. २०१६ ते २०१८ या काळातल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या दर दहा मुलांमागे एकाच्या रक्तात मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर दिसली. आठवी ‘ब’मध्ये असे किती बाक निघतील, ते आपणच काढा. भागाकार सोपा आहे.

इथवर मी आपले पुष्कळ आभार मानले. आता जे मागायचं आहे ते सरळ मागते.

सोमवारचा आणि गुरुवारचा पाचवा तास परत द्या. परीक्षा असो, चाचणी असो, पोर्शन राहिलेला असो, त्या तासाला हात लागणार नाही असं लेखी द्या. मधल्या सुट्टीत मैदान उघडा आणि गाड्या फाटकाबाहेर लावा. मुलींना वर्गात बसवण्याची सोय रद्द करा. शिक्षा म्हणून खेळ काढून घेणं थांबवा. पी.टी.च्या सरांना शाळेच्या वेळात कारकुनी देऊ नका. पावसात हॉल द्या. आणि जी श्रेणी द्याल ती मैदानावर जे घडलं त्याची द्या. काहीच घडलं नसेल तर ती जागा कोरी सोडा.

यातली एकही गोष्ट खर्चाची नाही. एकाहीसाठी वरून परवानगी लागत नाही. वेळापत्रक आपल्या हाताने लिहिलेलं आहे आणि आपल्या हातानेच पाळलं जाऊ शकतं.

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत मी हाच ठराव मांडणार आहे. आठवी ‘ब’च्या आणि ‘अ’च्या बऱ्याच पालकांनी त्यावर सह्या केल्या आहेत, त्यांत दोघे असे आहेत ज्यांच्या सांगण्यावरून आपण गणिताचे जादा तास सुरू केले होते. ठराव मंजूर झाला तर त्याची प्रत वेळापत्रकाशेजारी लावावी लागेल. जागा आत्तापासून करून ठेवावी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली नम्र,
आठवी ‘ब’मधल्या एका मुलीची आई